चार घड्यांचा कागद

पनवेलच्या एका कॉम्प्युटरवाल्याने मला फसवले, आणि त्यापायी श्रीवर्धनातल्या एका आईचा माझ्यावरचा विश्वास गेला. हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईने गोष्ट घोळवून घोळवून सांगितली.

माझे दुकान एसटी स्टँडजवळ आहे. झेरॉक्स, फॉर्म भरणे, अर्ज टाइप करणे, पासपोर्टचे फोटो. आज सगळा बाजार मला मावशी म्हणतो, पण माझी सुरुवात वाडीत सुपारी सोलण्यापासून झाली. सालांचा काळपट रंग बोटांच्या टोकांवर असा बसला होता की झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदावर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा मलाच लाज वाटली.

बोलायला मला त्या वाडीनेच शिकवले. व्यापारी यायचा, बागायतदार पोते उघडायचा, व्यापारी मूठभर सुपारी हातावर घेऊन एखादी कातरून बघायचा, आणि मग घासाघीस. त्यात एक रीत होती. भाव खाली येणार असेल तर विकणारा तोंडावर सांगायचा, "या भावात निवडलेला माल नाही, बारीक दाणा मिसळणार." घ्यायचे की नाही ते मग व्यापाऱ्याने ठरवायचे. न सांगता पोत्याच्या तळाशी हलका माल भरणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कोणी दारात उभे करत नसे. मी आयुष्यभर भाव पाडले, भांडून पाडले, पण त्या रीतीवर भरवसा ठेवून पाडले.

दुकान नवीन होते तेव्हा समोरच्या मोहल्ल्यातली एक चाची कागदांची पिशवी घेऊन आली. नवरा आखातात, घरात ती आणि मुलगा. पासपोर्टची प्रत काढून झाली तरी ती पिशवी उचलेना.

"बाय, तुझ्याकडंच राहूं दे ही."

"चाची, हे दुकान आहे. कपाट नाही."

"घरी ठेवली का मी सतरा वेला जागा बदलतंय. मंग मलाच सापडत न्हाय, न् नवरा तिकडून फोनवर वरडतो."

मी भिंतीला एक खिळा मारला. महिन्याभरात सहा झाले. काही वर्षांत मागची अख्खी भिंत पिशव्यांनी भरली. एक परकराच्या कापडाची, एक आट्याच्या गोणीची, एक दुबईहून आलेल्या खजुराची, एक कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची. आतल्या गावांतल्या भातशेतीवाल्या बायकाही सातबारे आणि रेशनकार्डे आणून टांगू लागल्या. पिशवीवर मी नाव कधी लिहिले नाही. कापड पाहून घर ओळखायचे. वारा सुटला की सगळी भिंत हलायची, आणि जुना कागद, नॅप्थलीन आणि अत्तर यांचा मिळून एक वास दुकानभर फिरायचा. दुसरीकडे तो वास मला कधी आला नाही.

कुठला कागद जपायचा हे मला कोणी शिकवले नव्हते. पासपोर्ट बायका टेबलावर धाडकन आपटायच्या. आधार कार्ड तर भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली असायचे. पण एखादा कागद चार घड्या घालून यायचा. तो देताना बाई आधी मागे बघायची, आवाज खाली यायचा, आणि कागद माझ्या हातात आला तरी तिची बोटे त्याला धरूनच असायची. तो कागद भिंतीवर जात नसे. त्याच्यासाठी माझ्या खुर्चीखाली कुलपाचा पत्र्याचा डबा होता. सोडचिठ्ठीचे कागद, दवाखान्याचे कागद, एका बाईने माहेरी लिहून कधीच न टाकलेले पत्र. चाचीचाही एक कागद त्यात होता. तिच्या मुलाला लहानपणी क्षय झाला होता. औषधाचा कोर्स पुरा केला, पोरगा ठणठणीत झाला, पण कागद तिने फाडला नाही. "उद्या कुणी इचारलं बरा झाला का, तर दाखवाया पायजे," म्हणाली. आणि लगेच, "पन कुणी इचारू नये."

मग ते वादळ आले. दुकानाचे पत्रे गेले आणि पिशव्या रात्रभर भिजल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सुपारी वाळवायच्या अंगणात कागद पसरले, एकेका कागदावर एकेक दगड. साठ घरांच्या बायका उन्हात उकिडव्या बसल्या होत्या. निकाहनाम्याशेजारी सातबारा, त्याच्याशेजारी कुणाची दहावीची गुणपत्रिका. एवढे कागद उघडे पडले होते, पण प्रत्येकीची नजर फक्त आपल्या दगडाखाली. शेजारणीच्या कागदाकडे एकीने मान वळवली नाही. तो दिवस आठवला की अजूनही मला आमच्या गावाचा अभिमान वाटतो.

शिक्के पसरले होते, फोटो एकमेकांना चिकटले होते. सगळ्यांचे मत पडले की आता कागद मोबाइलवाल्या ढगात ठेवावेत, तिथे पाऊस लागत नाही.

म्हणून मी पनवेलहून तो कॉम्प्युटरवाला बोलावला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे गोड. त्याने योजना सांगितली ती मला आवडली. दोन पेट्या करायच्या. एक खुली, तिची लिंक गावाच्या ग्रुपवर, तिच्यात कोरे फॉर्म, अर्जांचे नमुने, सूचना. दुसरी बंद, ती फक्त माझ्या पासवर्डने उघडणार. आणि मध्ये एक प्रोग्राम. मी स्कॅन केलेला किंवा टाइप केलेला प्रत्येक कागद तो वाचणार, त्यात कुणाची खाजगी माहिती दिसली की आपणहून बंद पेटीत टाकणार, बाकीचे खुल्या पेटीत.

"सगळं ओळखतो का तो?" मी विचारले.

"मावशी, आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, आजारपण. सगळं. इंग्रजी, मराठी, दोन्ही."

मग आकडा सांगितला. मी पंखा बंद केला. घासाघिशीला बसले की मी पंखा बंद करते, समोरचा लवकर उठतो.

"एवढ्यात मी नवीन झेरॉक्स मशीन घेईन."

"मावशी, मेहनत आहे यात."

"मेहनत मलाही माहीत आहे. पनवेलची गाडी लागली आहे बघ स्टँडवर."

तो दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा घाम पुसून म्हणाला, "बरं. तुमच्यासाठी म्हणून." दुसऱ्या दिवशी मोबाइलवर नवा कागद पाठवला. मी खालचा आकडा पाहिला आणि होकार दिला. त्या दिवशी मी खुशीत घरी कोलंबी नेली.

प्रोग्राम सुरू झाला तेव्हा त्याने माझ्यासमोर आधार टाकले, पासपोर्ट टाकला. दोन्ही पटकन बंद पेटीत. मला माझाच डबा शिकून शहाणा झाल्यासारखे वाटले. एकदा तर प्रोग्रामने बोर्लीच्या गाड्यांचे वेळापत्रक बंद पेटीत टाकले. वेळांचे आकडे एकाला एक लागून बारा झाले, त्याला तो आधार नंबर वाटला. आठवडाभर गिऱ्हाइके मला छेडत होती, "मावशी, बोर्लीची गाडी किती वाजता ते तरी हळूच कानात सांगा." मीही हसले. जास्त जपतो, बरेच आहे, असे म्हणाले. भिंतीवरचे खिळे काढले. भिजून कुजलेल्या पिशव्या बायकांना विचारून टाकून दिल्या.

चाचीचा मुलगा आता पंचवीसचा. आखातात जायचे म्हणून तपासणीला गेला, तर छातीच्या फोटोत जुना डाग दिसला आणि त्याला नापास केले. चाची आली. सरकारी दवाखान्याकडून तो पूर्ण बरा असल्याचा दाखला हवा होता, त्यासाठी अर्ज. आवाज खाली. बोटे पदरात. मी मराठीत टाइप केले: लहानपणी क्षय, उपचार पूर्ण, सध्या फक्त डाग. फोन नंबरही मराठी आकड्यांत, माझी सवय ती. पिशवीला नाव लागत नव्हते, पण कॉम्प्युटर नावाशिवाय कागद ठेवत नाही. मी नाव दिले: "समोरची चाची, मुलगा, छातीचा डाग". कापडावरून घर ओळखणारी मी, दुसरे काय नाव देणार? तिच्या हातात छापील प्रत दिली आणि फाइल प्रोग्रामच्या हवाली केली. खुर्चीखाली डबा होता. मी वाकले नाही.

मुलाचे लग्न म्हसळ्याकडच्या एका घरात ठरले होते. मुलीच्या मामाला रेशनकार्डात नाव घालायचा फॉर्म हवा होता. कोणीतरी त्याला आमच्या ग्रुपवरची लिंक दिली. फॉर्म शोधता शोधता तो त्या नावापाशी थांबला. समोरची चाची म्हणजे कोण, ते त्याला विचारावे लागले नाही. दुकान कुठले ते लिंकवर होते, आणि माझ्या दुकानासमोर मुलगा असलेली चाची एकच.

ते लोक भांडले नाहीत. चाचीच्या घरी आले, चहा घेतला, मुलगी अजून शिकणार म्हणतेय असे सांगून गेले. निघताना मामाने मोबाइल मुलापुढे धरला. "हे तरी आधी सांगायचं होतं, भाई."

चाची दुकानात आली तेव्हा ओरडेल म्हणून मी तयार होते. ओरडणाऱ्याला मी ओरडून उत्तर देते. ती ओरडली नाही.

"बाय, माझी पिशवी दे."

"चाची, पिशवी आता नाही. सगळं कॉम्प्युटरमध्ये..."

"मंग कागद दे. येकेक कागद. आन् त्यातून पूस मला."

मी तिच्यासमोर एकेक फाइल काढली आणि पुसली. तीसच्या वर होत्या. दर वेळी ती विचारी, "गेला?" मी म्हणे, "गेला." मामाच्या मोबाइलमधला गेला नव्हता, हे आम्हा दोघींना माहीत होते.

ती जाताच मी पनवेलला फोन लावला.

"मावशी, मराठी वाचायचा भाग वेगळा होता. तुम्ही रेट कमी केलात, मग तो काढावा लागला."

"काढलास ते सांगितलंस?"

"पाठवलेल्या कागदात होतं ना. दुसऱ्या पानावर."

"मी तुझ्यासमोर बसले होते. तोंड कुठं ठेवलं होतंस?"

"मावशी, तुम्ही चिडताय. टेक्निकली चूक युजरची आहे."

मी फोन आपटला. मग दुसरे पान काढले. होते, बारीक इंग्रजीत एक ओळ. मी इंग्रजी फॉर्म भरूनच पोट भरते, ती ओळ मला वाचता आली असती. मी खालच्या आकड्यापलीकडे पाहिले नाही. माझा वाटा मी नाकारत नाही, चाचीच्या पडवीत जाऊन तिच्या मुलासमोर तो कबूल करून आले आहे. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या मावशी." चाची आता झेरॉक्सला स्टँडपलीकडच्या दुकानात जाते, माझ्या दारावरून, पलीकडच्या कडेने.

पण वाडीत तळाशी हलका माल भरणारा निदान त्याच बाजारात राहायचा, लोकांना तोंड दाखवायचा. याला ती भीती नाही. घाम पुसत "तुमच्यासाठी" म्हणाला, तेव्हाच "मराठी जाईल हं मावशी" एवढे चार शब्द बोलला असता, तर मी पंखा लावला असता आणि पूर्ण पैसे मोजले असते. आमच्या गावातले सगळे दुखणे मराठीत लिहिले जाते. ते न वाचणारे मशीन आमच्या गावाला विकताना तो ते जाणून होता.

म्हणून हे लिहिते आहे. पनवेलच्या भावा, फोनवरचे उत्तर मला नको. गाडी थेट आहे, स्टँडवर उतरायचे, माझ्या दुकानाच्या समोरचे घर. त्या बाईसमोर बसायचे, तिच्या मुलासमोर बसायचे, आणि काय काढून घेतले होते आणि का सांगितले नाही, ते मराठीत सांगायचे. मी शेजारी बसेन. कधी येतोस, तेवढे बोल.