मागच्या सीटवरून पाहिलेले किल्ले

वहिनींचा एक नियम होता, जुन्या जागा बघायला जायचं तर रमतगमत जायचं. घाई करायची नाही, घड्याळ बघायचं नाही, वाटेत थांबायचं, चहा प्यायचा. इंग्लंडला सगळे असंच करतात म्हणे. वहिनी म्हणजे आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या सरांच्या मिसेस, मूळच्या पुण्याच्या, तीन वर्षं इंग्लंडला राहून मग दुबईला आलेल्या. तिकडं ते दोघं दर रविवारी गाडी काढून खेड्यापाड्यात जायचे, किल्ले आणि जुन्या श्रीमंत लोकांची घरं बघायला. ते सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी न बघताच सांगेन, कुठल्या खंदकात बदकं होती, कुठल्या बागेत कुत्रा न्यायला परवानगी होती, आणि बघून झालं की तिथंच एका खोलीत चहा आणि जाम लावलेला गोल केक मिळायचा.

इथं तसलं काही नाही. इथं मातीचे किल्ले, उघडे डोंगर आणि थंडीच्या दिवसांतसुद्धा डोळ्यांत जाणारं ऊन. तरी वहिनी दर दुसऱ्या रविवारी निघायच्या आणि आम्हाला बरोबर घ्यायच्या, हे, मी आणि आमची चार वर्षांची मुलगी. गाडी सरांची. शारजाला आमच्या बिल्डिंगखाली सकाळी सातला हॉर्न वाजायचा. मी चारला उठलेली असायचे, थालीपीठं, बटाट्याची भाजी, मुलीसाठी बिनतिखटाचं वेगळं, थर्मास, पेपर प्लेटा, सगळं भरून. रमतगमत जाणाऱ्यांचं जेवण कुणीतरी पळत पळत करावं लागतं, ते इंग्लंडला कोण करायचं मला माहीत नाही.

मला तसा नेहमीच दम लागतो. बोलतानाही लागतो. शाळा नववीपर्यंत झालीय, मग घरच्यांनी बंद केली, लग्न झालं, आणि दोन वर्षांपूर्वी मुलीला कडेवर घेऊन विमानात बसले. इथं आल्यापासून मला कशाचीही भीती वाटते, लिफ्टची, सिग्नलची, कुठं काय चुकलं तर फाईन येईल ह्याची, नर्सरीतली टीचर इंग्लिशमधे काय म्हणाली ह्याची. आणि सगळ्यात जास्त भीती सरांची वाटायची, कारण आमचं सगळं सरांच्या हातात होतं.

ह्यांची बदली फुजैराला होणार होती, तिथल्या तेलाच्या टर्मिनलवर. तिथं कंपनीच्या बिल्डिंगमधे एकच फॅमिली फ्लॅट रिकामा होणार होता आणि त्यासाठी कुणाचं नाव पाठवायचं ते सर ठरवणार होते. नाव गेलं तर आम्ही तिघं तिकडं राहणार. नाही गेलं तर हे बॅचलर लोकांच्या खोलीत, एका खोलीत चौघं, आणि मी मुलीला घेऊन सासरी गावाला. हे मला रोज सांगायचे, "त्यांच्यासमोर जरा नीट वाग. हसून बोल. मागं बसून नुसतं बाहेर बघत बसू नको."

मी हसायचा प्रयत्न करायचे. पण गाडी एकशेवीसनं पळत असली आणि मुलगी सीटचा बेल्ट काढायला बघत असली की माझं तोंड आवळलेलंच राहायचं. पुढून वहिनी म्हणायच्या, "मागे कोणी आहे का, की उतरले?" आणि सर म्हणायचे, "आहेत आहेत, थालीपिठाचा वास येतोय."

एकदा हट्ट्याला गेलो, डोंगरातला एक बुरूज बघायला, एकदा शारजातलीच जुनी घरं बघितली. प्रत्येक ठिकाणी वहिनी बोर्डावरचं इंग्लिश सगळं वाचायच्या, वरून खालपर्यंत, आणि मग माझ्याकडं वळून, "कळलं का तुला? सांगू?" मी हो म्हणले तरी सांगायच्या, नाही म्हणले तरी सांगायच्या. आणि शेवटी ठरलेलं, "छान आहे गं, पण चहा प्यायला जागा नाही." मग मी थर्मास काढायचे.

फुजैराच्या बाजूला गेलो तो रविवार फेब्रुवारीतला. मला वाटतं सरांनी मुद्दाम ती बाजू निवडली, आमच्या ह्यांना टर्मिनल लांबून दाखवायला. समुद्रात जहाजं उभी होती, तेल भरायला थांबलेली, हे काचेला नाक लावून बघत होते. मी पण बघत होते. मी मनात खिडकी ठरवत होते, आपली कुठली असेल, कपडे कुठं वाळत घालायचे.

मग किल्ला आला. मातीचा, गवत घालून लिंपलेला, आमच्या माहेरच्या भिंतीसारखाच, फक्त त्याचे फोटो काढायला माणसं येतात. वहिनी भिंतीला हात न लावता लांबून म्हणाल्या, "केवढं प्रिमिटिव्ह ना." शेजारी जुन्या लोकांचं घर मांडून ठेवलेलं होतं. खजुराच्या फांद्यांची झोपडी, चटया, मातीची भांडी, आणि कोपऱ्यात दोरीच्या पलीकडं एक जातं.

आमची मुलगी दोरीखालून शिरली आणि बूट घालून जात्यावर बसली.

मला पुढचं आठवत पण नाही, मी कधी दोरी ओलांडली. मी तिला दंडाला धरून उठवलं, जात्याला हात लावला, छातीला लावला, तिचाही हात धरून लावायला लावला. जात्यावर बसत नाहीत, त्याला पाय लावत नाहीत, हे काय कुणी शिकवावं लागतं का, पण तिला कोण शिकवणार, तिनं जातं बघितलंय कुठं. ती हात सोडवून घेत म्हणाली, "ममा, व्हाय आर यू सेइंग सॉरी टू अ स्टोन?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "बहनजी, हाथ मत लगाइए."

वॉचमन होता, म्हातारा, पाकिस्तानचा असावा, पठाणी घातलेला. मला वाटलं खलास, आता पोलीस, आता फाईन, आता सरांसमोर ह्यांची मान खाली, गेला फ्लॅट. मी एका दमात त्याला सगळं सांगायला लागले, माझं हिंदी असं, "चाचा, बच्ची बैठ गयी, उसको पता नहीं, हमारे में पाँव नहीं लगाते, माफी मांग रही थी, तोडा कुछ नहीं, देखो."

त्यानं आधी जात्याकडं बघितलं. मग म्हणाला, "हमारे गाँव में भी थी. माँ बैठने नहीं देती थी." आणि दाराकडं एकदा बघून म्हणाला, "थोड़ा घुमा लीजिए. अभी कोई नहीं है. यल्ला, जल्दी."

मला घुमवायचं नव्हतं खरं तर. मला तिथून पळायचं होतं. पण खुंटा बघितला आणि हात गेला. खाली बसले, एक पाय लांब, एक दुमडून, जसं बसतात तसं. आमच्याकडं आता दळण गिरणीत जातं, पण मूग भरडायला जातंच काढतात, आणि लग्नाची हळद. चुलत बहिणीच्या लग्नात जात्याला सुपारी आणि हळकुंड बांधून आम्ही पाच जणींनी हळद दळली होती, दोन दिवस हात पिवळे होते, त्यानंतर मी जात्याला हातच लावला नव्हता. वरचा दगड आधी अडला, मग सुटला. आत दाणे नव्हते, नुसता दगडावर दगड, तो घरघर आवाज. वॉचमननं खाली वाकून रिकाम्या मुठीनं दाण्यांची वैरण घातल्यासारखं केलं. मी पण मान हलवली, म्हणजे घाल घाल, अजून घाल. आणि मला हसायला आलं. दोन वर्षांत फक्त तेवढा वेळ मला दम लागला नाही, एवढं मला आठवतं.

वर बघितलं तर वहिनी मोबाईल धरून उभ्या.

"थांबू नको, थांबू नको, मस्त येतंय. ओवी म्हण ना एखादी."

"येत नाही वहिनी."

"असं कसं? जात्यावर बसलीस आणि ओवी येत नाही?"

"आमच्याकडं भरडताना मोबाईलवर सिरीयल लावायचो," मी म्हणले. तेच खरं होतं.

सर दारातून आले. "अरे, हिला दात आहेत," ते ह्यांना म्हणाले. "मी तर समजत होतो ही हसतच नाही." हे पण हसले. सरांकडं बघून हसले, माझ्याकडं बघून नाही. वॉचमन म्हणाला, "बस, हो गया," आणि दोरी सरळ करायला लागला.

परतताना गाडीत वहिनींनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि ऑफिसातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. मी पण त्या ग्रुपात आहे. सगळ्यांनी हात जोडल्याची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्याची चित्रं पाठवली. सरांनी आरशातून मागं बघून विचारलं, "काय गं, घरची आठवण येते ना?" मला वाटलं विचारतायत तर त्यांना बरं वाटू द्यावं, सर कधी माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी म्हणले, "हो सर, येते की." एवढंच. मी हसून म्हणले, ह्यांनी सांगितलं होतं तसं.

चौथ्या दिवशी हे ऑफिसातून आले, बूट न काढता सोफ्यावर बसले. म्हणाले, फ्लॅटसाठी दुसऱ्याचं नाव पाठवणार आहेत. त्या दुसऱ्याची बायको गाडी चालवते, शिकलेली आहे, तिला फुजैरासारख्या ठिकाणी एकटीला जमेल. "आणि सर तुझ्याबद्दलच बोलत होते," हे म्हणाले, "म्हणाले, तुझी मिसेस इथं कोमेजून गेलीय. त्या जात्यावर कशी खुलली बघितलंस ना? तिला तिच्या माणसांत ठेव, असं अडकवून ठेवू नको. स्वतःहून एवढा विचार केला त्यांनी आपला."

मी म्हणले, "मी कुठं म्हणले मला जायचंय?"

"गाडीत म्हणालीस ना, आठवण येते."

"आठवण येते म्हणजे जायचंय असं असतं का?"

त्यावर ह्यांनी बूट काढले. मग म्हणाले, "एवढी घाबरतेस इथं, लिफ्टमधेसुद्धा एकटी जात नाहीस. गावाला तुला बरंच वाटेल." आणि मला तेव्हा दिसलं की ह्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलंय. भांडायला मी तोंड उघडलं, पण मुलगी नर्सरीतलं गाणं इंग्लिशमधे म्हणत आली आणि मी स्वयंपाकघरात गेले.

गावाला गेल्यावर तिचं इंग्लिश दोन महिन्यांत जाईल. मला ते येत नाही म्हणून तिचं राहावं असं मला वाटतं, दुसरं काही नाही. बोर्डावरचं तिनं वाचावं, कुणी तिला "सांगू का" विचारू नये. आणि सर म्हणाले तिच्या माणसांत ठेव, पण मी जाणार ती सासरी, ती माझी माणसं नाहीत, ते सरांना माहीत नाही. गावाला मी घाबरत नव्हते असं ह्यांना कुणी सांगितलं? तिथं मी घाबरायचे ते कुणाला दिसायचं नाही, एवढंच.

मार्चमधे वहिनींनी निरोपाची म्हणून एक ट्रिप ठेवली. परत हट्ट्याचा तो बुरूज. मी परत चारला उठले. गाडी शारजाच्या जॅममधे अडकली होती, पुढं लाल दिवेच दिवे, आणि मी आठवडाभर जे पाठ केलं होतं ते बोलायला लागले.

"सर, मला इथं भीती वाटते ते खरं आहे. पण मला इथंच राहायचंय. मला फुजैराला राहायचं होतं. मी जात्यावर हसले ते जातं बघून हसले, घरी जायचं म्हणून नाही." दम संपला, थांबले.

ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, दाबून, म्हणजे गप्प बस.

सर म्हणाले, "अगं, पण नाव तर मंगळवारी गेलं. पुढच्या वेळी बघू, इन्शाल्ला."

वहिनी पूर्ण मागं वळल्या. "तू आधी बोलायचंस ना. इतके रविवार मागे बसून होतीस, एकदा तरी तोंड उघडायचंस." मग समजूत काढल्यासारखं, "इंग्लंडला मला पण पहिल्यांदा असंच व्हायचं. नंतर सवय होते." कशाची सवय ते त्यांनी सांगितलं नाही, तेवढ्यात जॅम सुटला आणि त्या पुढं वळून तिकडच्या कुठल्या तरी पडक्या चर्चबद्दल सांगायला लागल्या, जिथं मेंढ्या चरत होत्या.

बुरुजाखाली मी सतरंजी घातली, डबे उघडले. थालीपीठं सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. जेवण झाल्यावर वहिनींनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, सर, हे, मी आणि पुढं मुलगी, आणि मोबाईल धरून मला म्हणाल्या, "हस ना गं. त्या दिवशीसारखी."

हे बाजूनं हळूच म्हणाले, "हस."

मुलगी वळून माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "ममा, स्माइल."

वहिनींनी चार फोटो काढले. चारही ग्रुपवर आलेत. माझी बॅग भरून झालीय, विमान सोळा तारखेला आहे, आणि मधेच मी ते फोटो काढून बघते. चौघांत तिघं हसतायत. मी चारही फोटोंत हसलेली नाही.