निळ्या परकराचं कापड

शाळेत गणवेश असावा की नसावा, यावर घरातली पोरं कधीकधी वाद घालतात. मी ऐकते. कुठल्या बाजूनं बोलावं ते मला कळत नाही. माझ्या वेळी जे झालं तेवढं लिहून ठेवते.

आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला वेल्ह्याला जावं लागे. माझी चौथी झाली तेव्हा गुरुजी घरी आले आणि ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "पोरीला पुढं पाठवा. फक्त तिकडं आता गणवेश केलाय. मुलींना निळा परकर, पांढरं पोलकं."

"निळाच का?" वडील म्हणाले. "तिचा तांबडा परकर चांगला धड हाय."

"सगळ्यांचं सारखं असलं म्हणजे कुणाचं ठिगळ दिसत नाही."

"ठिगळ निळ्यावर बी दिसतंय, गुरुजी," आई आतून म्हणाली. गुरुजी हसले. वडीलही हसले आणि पाठवतो म्हणाले.

मी दाराआड उभी होते. मला जायचं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आता सांगायची गरज उरली नाही असं वाटलं.

पोलकं आईनं वडिलांच्या धोतरातून हातानंच शिवलं. निळं कापड वेल्ह्यात मिळेना. मामा उत्रोलीला राहायचा, भोरचा बाजार त्याला जवळ. एस.टी.नं जाणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर आईनं त्याला निरोप धाडला, पोरीला शाळेसाठी निळं कापड घेऊन ये.

मामा आला. त्यानं गाठोडं सोडलं तर आत निळं लुगडं, लहान मुलींना नेसवतात तसं आखूड, तांबड्या काठाचं.

आई म्हणाली, "दादा, परकर शिवायचा व्हता रं."

"भाचीला नुसता कापडाचा तुकडा देऊ? मामा हाय म्या, दुकानदार न्हवं."

"आता ह्याला कातर कशी लावू?"

मामाकडून आलेलं पहिलं लुगडं कोरं कापत नसत. ते आधी मुलीला नेसवायचं, देवळात न्यायचं, ओटी भरायची. आई म्हणाली, एकदा नेसवते, मग परकर शिवते. तसं केलं. देवळातून येताना पाणवठ्यावरच्या बायांनी मला पाहिलं. त्यातली एक आईला म्हणाली, "लेक लुगड्यात आली की गं. आता सोयरीक बघा. का पुन्ना परकर घालून नाचवतीस?"

आई माझा हात धरून भराभर चालू लागली. घरी आल्यावर तिनं लुगडं घडी करून ठेवलं. कात्री काढली नाही.

शाळा उघडली तेव्हा वडील म्हणाले, "रंग तर निळाच हाय. नेसूनच चल." पांढरं पोलकं आणि निळं लुगडं घालून मी त्यांच्यामागून वेल्ह्यापर्यंत चालत गेले. वर्गातल्या मुली मान वळवून बघत होत्या. मी काठाकडं बघत उभी राहिले.

हेडमास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, परकर हवा. हे लुगडं आहे."

"निळं म्हनला, निळं आनलंय."

"कापड चांगलं आहे. याचाच परकर शिवा आणि घेऊन या तिला. जागा ठेवतो मी."

परतताना वडील पुढं आणि मी मागं. घरी त्यांनी आईला सांगितलं. आईनं लुगडं मांडीवर घेतलं, उलगडलं, बराच वेळ काठावरून हात फिरवला. मग म्हणाली, "लुगड्यातली पोर परत परकरात गेलेली म्या कुठं बघितली न्हाई. लोक मला काय म्हनतील?"

वडील म्हणाले, "बघ तुझं तू."

माझ्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. मी चुलीपुढं बसून लाकडं आत सारत होते. जाळ बरा लागला होता.

पुढं पावसानं जोर धरला आणि भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी आली. एका सकाळी वडिलांनी विचारलं, "झाला का परकर?"

"आवणी उरकू दे," आई म्हणाली.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी तेच निळं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि रोपांच्या मुठी घेऊन आईशेजारी खाचरात उतरले.