एकच गोष्ट आणायची

मास्तर लोकांचे किस्से साठतात ते स्टाफरूममध्ये. साठ सालच्या आसपास आमच्या हेडमास्तरांनी एक नियम काढला आणि माझ्याकडे पोतंभर जमले!

नियम असा: वर्षातून एकदा प्रत्येक मास्तरानं दुसऱ्या गावची शाळा पाहून यायचं. तिथली एकच चांगली गोष्ट आणायची. आणली की दुसऱ्या दिवसापासून लागू, वाद नाही! "दुसऱ्याचं पाह्यल्याशिवाय आपलं उणं दिसत नाही," हेडमास्तर म्हणायचे.

त्याच वर्षी गजभिये गुरुजी आले. नागपूरला दीक्षा घेतलेलं घर. पहिल्याच दिवशी ते स्टाफरूमच्या माठाकडे गेले, तर मीच उठून म्हणालो, "बसा, मी वरून ओततो." दुसऱ्या दिवसापासून खिडकीत त्यांचा घरचा तांब्या. मला त्याची लाज अजून वाटते.

*

राळेगावहून मी वेळेवरची घंटा आणली. आमच्याकडे सकाळची एसटी मोटार आली की घंटा व्हायची. घड्याळ लावलं, ठोक्याला घंटा दिली, अन् वर्गात एक पोरगं नाही! शिपाई म्हणाला, "घड्याळ बरोबर हाय, मास्तर. पन पोरं मोटारीचा भोंगा आयकूनच घरून निघतात ना!"

*

जोशी गुरुजींनी बोरी अरबहून भाजीची बाग आणली. वांगी धरली आणि एका दुपारी गावच्या बकऱ्यांनी सगळी फस्त केली. हेडमास्तर खवळले, "काहून हो, तिथं कुंपण नव्हतं?"

"होतं ना! पण एकच गोष्ट आणायची होती!"

*

राठोड गुरुजी तांड्यातले. एका शाळेत पहिलीच्या पोरांशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, हे ते पाहून आले. आमच्याकडे सुरू केलं, तर वर्षभर मुकी बसलेली तांड्यावरची पोरं घडाघडा बोलायला लागली.

हेडमास्तरांनी विचारलं, "तुम्हाले ही बोली जन्मापासून येते. मग आजवर काहून नाही बोलले?"

"कोणाले शाळेत बोलताना पाह्यलं नव्हतं, साहेब."



*

मग गजभिये गुरुजी पुसदला जाऊन आले. परत आल्यावर आम्ही चार-चार पानं अहवाल लिहायचो, त्यांची एकच ओळ होती. हेडमास्तरांनी मोठ्यानं वाचली: "स्टाफरूममध्ये एक माठ, एक पेला, जो तो आपल्या हातानं पाणी घेतो."

जोशी गुरुजी चुळबुळले, "हे काय शाळेच्या सुधारणेत येते?"

"उद्यापासून लागू," हेडमास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गजभिये गुरुजी पाणी प्याले, पेला विसळून ठेवला. पुढचा मी होतो. प्यालो. काय व्हायचं होतं? पाणी गार होतं, बस!

पुढच्या वर्षी पुसदच्या त्याच शाळेचे एक गुरुजी आमची शाळा पाहायला आले. मी माठ आणि सगळ्यांचा तो एकच पेला दाखवला. त्यांनी पेला भरून घेतला, पण ओठाला लावेनात.

"एकाच पेल्यानं सगळे पितात? हे कोणाचं पाहून सुरू केलं?"

"तुमचंच!"

"आमचं? आमच्याकडे तर कोणी वरून ओतते, कोणी घरून तांब्या आणते!"

मी गजभिये गुरुजींकडे पाहिलं. ते वह्या तपासत होते. लाल पेन्सिल खाली ठेवून त्यांनी मान वर केली.

"मग इथून घेऊन जा ना, गुरुजी. एकच गोष्ट न्याची असते."