हवेत अडकलेली पळी

ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत आमचे बाबा पंगतीत वरण वाढतात. बाबा आता नाहीत, म्हणून आई तो रोज टीव्हीवर लावते. पण व्हिडिओ होता घरच्या जुन्या कम्प्युटरवर, आणि टीव्हीला चालेल असा बदलून देता देता त्याला धाप लागायची. नेमकी बाबांची पळी हवेत अडकायची. व्हिडिओचं जड काम उचलणारं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी तेच. शेवटी कम्प्युटर उचलून सेलूला दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं तोच व्हिडिओ लावला, डबा उघडला आणि ताप बघावा तसा आतल्या एकेका भागाला उलटा हात लावला. प्रोसेसर तापलेला, कार्ड थंडगार. तो हसला.

"कार्ड बसवलंत, पण त्याला काम कुणी सांगितलंच न्हाई. लग्नात बाकीचे पळायलेत, अन् हा सोयरा खुर्चीवर बसून हाय."

व्हिडिओचं काम कार्डाकडं जावं म्हणून सेटिंगमध्ये त्यानं एक खूण केली. पंख्याची घरघर थांबली. आनंदात त्याचं नाव विचारायचंही राहिलं.

घरी आईनं व्हिडिओ लावला. पळी वर गेली, आणि पानात उतरली.

"चला," आई म्हणाली, "पुढच्या पानाकडं गेले एकदाचे."