शेजारणीचं हसणं

रियाधला आमच्या शेजारी राहणारी रत्नागिरीची बाई मोठ्यानं हसायची. आधी घशात एक उचकी, मग हसू. दर शुक्रवारी तिची धाकटी बहीण अल खर्जहून मुलीला घेऊन येई. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना बाई मला म्हणाली, "पोर वाढली बहिणीच्या पोटात, पण बीज माझं. मुंबईच्या डॉक्टरांनी माझं काढून तिला दिलं. पोरीला कधी सांगायचं नाही, असं आमचं ठरलंय."

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले. स्वयंपाकघरातून तेच हसू ऐकू आलं, उचकीसकट. मी वळून पाहिलं, तर बाई माझ्या शेजारीच बसलेली, तोंड मिटून. आत पोर एकटीच हसत होती. बहिणीच्या हातातला कप तसाच राहिला.

त्या दिवसापासून बाई हसेनाशी झाली. हसू आलं की ओढणी तोंडावर दाबून धरते, नुसतं अंग हलत राहतं.

परवा पोरीनं ती ओढणीच ओढून काढली. "मावशी, हँसो ना."

बाईनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं हळूच मान हलवली, नको म्हणून. बाईनं ओठ घट्ट मिटले, आणि पोर कितीतरी वेळ त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली.