नागनाथअप्पांनी निवडलेली मशीन

आमचे शेजारी नागनाथअप्पा माणसाशी बोलण्याआधी त्याची बाही चिमटीत धरून बघत. "सोडा लई झाला," नाहीतर "नीट खंगाळलं न्हाई," असं सुनावून मगच खुशाली विचारत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोटं पाण्यात राहून राहून पांढरी पडलेली. अंबाजोगाईच्या एका दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांची तीस वर्षं गेली होती. कुणाच्या कपड्याची स्तुती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

वडिलांना पक्षाघात झाला त्या वर्षी बाजारात वॉशिंग मशिनींचा नुसता सुळसुळाट झाला होता. वडील हेडमास्तर. आख्खं गाव त्यांना वचकून असायचं, आणि आता त्यांना लघवीचंही भान राहत नव्हतं. दिवसाला चार-पाच चादरी निघत. आई त्या परटाकडे देईना, मला हात लावू देईना. वडिलांना कुशीवर वळवायला रोज येणाऱ्या अप्पांना तेवढं ती घरात घ्यायची. तिच्या हातांना भेगा पडून रक्त यायला लागलं, तेव्हा मी अप्पांना म्हणाले, चला, मशीन घेऊ. एवढ्या चादरी कुठल्या मशीनला झेपतील, हे त्यांच्याशिवाय सांगणार कोण?

अप्पा दुकानात गेले ते पिशवीत ओली गोधडी घेऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाय लावलेला विक्रेता सांगत होता, ही मशीन कपडे स्वतः ओळखते.

"वळकती? मग पाणी बी स्वतः हापसून घेती का बे?" अप्पांनी विचारलं. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मग त्यांनी गोधडी बाहेर काढली. "हे पिळून दाखव."

मशीन थरथरली, दोन वीत पुढं सरकली आणि बंद पडली. अप्पांनी गोधडी पुन्हा पिशवीत भरली. "चल पोरी. ही शर्ट-चड्ड्यांपुरती हाय."

शेवटी लातूरला, लॉजवाल्यांना सामान पुरवणाऱ्या एकाकडे त्यांच्या मनासारखी मिळाली. बुटकी, न्हाणीत मावेल एवढी, पण आतलं पिंप जाड स्टीलचं आणि वरून बादलीनं पाणी ओतायची सोय. इथवर ठीक होतं. पण शेजारची, गरम हवेनं कपडे वाळवणारी मशीनही घेच म्हणून अप्पा हटून बसले. माझं डोकंच फिरलं. बीड जिल्ह्यात काय उन्हाचा दुष्काळ पडला होता?

"लोक तोंडात शेण घालतील, अप्पा. गच्चीवर घटकाभरात वाळतात."

अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "गच्ची रस्त्यावरून दिसती. रोज पाच चादरी वाळत पडल्या की गल्ली मोजती. वहिनी आतल्या खोलीत पंख्याखाली का म्हून वाळवती, तू कधी इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. रोज त्या ओल्या चादरींखालून वाकून जात होते, पण कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. दोन्ही मशिनी घेऊन आलो. गल्ली हसली; हसू दे. लाइट असेल तेव्हा आई भराभर चादरी वाळवून घ्यायची. वडील पुढं दोन वर्षं कोरड्या अंथरुणात जगले. आईचे हात बरे झाले.

नंतर अप्पाच अंथरुणाला खिळले. सून बिचारी दिवसभर मोरीत. आई त्यांना बघायला गेली आणि तिनं सरळ ओल्या चादरींचं गाठोडं उचललं. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

"राहू द्या वहिनी. माझ्या तुमी न्हाई धुवायच्या."

"तीस वर्षं साऱ्या मुलखाच्या धुतल्या तुमी. आता गप पडा," आई म्हणाली.

पाच महिने त्यांच्या चादरी आमच्याकडे धुतल्या गेल्या आणि कोरड्या घड्या होऊन परत गेल्या. अप्पा गेले त्या दिवशी आईनं त्यांची शेवटची चादर घरी आणली. मी मशीनमध्ये पाणी ओतायला बादली उचलली, तर तिनं माझा हात धरला.

"ही मी हातानं धुते," म्हणाली, आणि पाट घेऊन मोरीत बसली.