कड नसलेलं पाणी

मार्गशीर्षातल्या सकाळी भंडारदऱ्याच्या काठाला एक वेगळाच वास असतो. सुकत चाललेल्या गवताचा, ओल्या शेवाळाचा आणि रात्रभर गारठलेल्या दगडांवर नुकत्याच उतरलेल्या उन्हाचा. प्रवरेच्या अडवलेल्या पाण्याला लागून जाणारी ती खडकाळ वाट कधी उंच धारेवर चढते, कधी थेट लाटांपाशी उतरते, आणि वाऱ्याने पाणी कातळावर आपटू लागले की क्षणभर आपण समुद्रकाठीच आहोत असे वाटते. निदान मला तसे वाटत होते, आणि आत्यालाही वाटावे म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

आत्या पाथर्डीची. ऐन उमेदीची सारी वर्षे ऊसतोडीत गेली, कोयता घेऊन ती पार कर्नाटकापर्यंत हिंडली, पण समुद्र काही तिच्या वाटेत आला नाही. आता ती आमच्याकडे कोल्हारला असते. मोळ्या वाहून वाहून मणका असा दुखावला आहे की गाडीत फार वेळ बसवत नाही. चालण्यात मात्र ती अजून मला मागे टाकते. कोकणाचा प्रवास आता विसरा, असे डॉक्टर म्हणाले. मला राहवले नाही. समुद्र नाही तर निदान समुद्रासारखे काही, म्हणून मी तिला थांबत थांबत इथे आणले.

चालताना मी सारखी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एका सपाट कातळावर ती थांबली आणि पदर सावरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. शेवटी मीच विचारले, "कसं वाटतंय?"

"लई झ्याक हाय गं. पन पल्याडची कड दिसतीय की." ती हसली. "जलमभर उसाच्या फडाची कड बघत तोडत ऱ्हायले. कड आली की सुटलो. एकदा कड नसलेलं कायतरी बघायचं हुतं. नुसतं बघायचं, तोडून संपवायचं न्हाई."

तिने पिशवीतून खण, नारळ आणि मूठभर गहू काढले. मोठ्या पाण्यावर गेले की ओटी भरल्याशिवाय आमच्या बायका माघारी फिरत नाहीत. मला वाटले, आता ती वाकेल. पण तिने ते सगळे माझ्याच ओंजळीत ठेवले.

"ही तर आपली परवराच. हिची ओटी कोल्हारात कितीदा भरलीय. ही ओटी समुद्राची हाय. तू जाशील तवा दे. म्हनावं, निघाली हुती, वाटंत ऱ्हायली."

"आपण दोघी जाऊ की," मी घाईघाईने म्हणाले, आणि माझे मलाच ते खोटे वाटले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, समजूत जणू माझीच काढायची होती, आणि ती पुढच्या चढाला लागली.

दोन्ही हात भरलेले, डोळे पुसायचीही सोय नाही. मी तशीच तिच्या मागून चालत राहिले. आजवर किती वेळा मजेत समुद्रावर गेले आहे मी. आता तिच्याशिवाय तिथे जायचे कसे, आणि न जाऊन तरी कसे चालेल?